पावसाचा गुणाकार आणि गोठ्याची तहान

उन्हाळा लागला की नाशिक जिल्ह्यात मोबाइलवर एक हिशेब फिरू लागतो. सिन्नर-येवल्याकडे ५०० मिमी पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर. गाईला रोज ५० लिटर धरले तर एवढ्यावर २७४ गाई वर्षभर पाणी पितील. तेव्हा टँकर मागणे हा निव्वळ आळस असून प्रत्येकाने प्लास्टिक अस्तराचे शेततळे घ्यावे आणि पाणी-नियोजनासाठी नावाजलेल्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचा कित्ता गिरवावा.

गुणाकार बरोबर आहे. परंतु रानात पडणारा बराचसा पाऊस जमिनीत मुरतो आणि तो मुरतो म्हणूनच गवत उगवते, बाजरी-ज्वारीचा कडबा हाती येतो. तो सगळा तळ्यात अडवला, तर त्या २७४ गाई खाणार काय? जनावराच्या पिण्यापेक्षा त्याचा चारा पिकवायला कित्येक पट पाणी लागते, आणि ते या हिशेबात कुठेच नाही.

आळसाचा आरोप तर जिल्ह्यातच खोटा ठरतो. इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात याच्या कितीतरी पट पाऊस होऊनही उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातात, कारण डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते आणि खालचा काळा पाषाण फारसे धरून ठेवत नाही.

शेततळ्याचे मात्र सविस्तर पाहिले पाहिजे, कारण त्यात लोक खरोखर पैसा घालतात. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली ती पावसाच्या पाण्यासाठी. पण द्राक्षपट्ट्यातल्या अस्तराच्या अनेक तळ्यांचे बांध जमिनीपेक्षा उंच असल्याने त्यांत वाहते पाणी शिरतच नाही आणि ती विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरली जातात. सावलीत असलेले भूजल उपसून उन्हात ठेवण्याचाच हा प्रकार. ३० × ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी वाफ धरली, तरी रोज ७,२०० लिटर उडते. गाईला ६० लिटर दिले तर ते १२० गाईंचे पाणी झाले. शिवाय निसरड्या प्लास्टिकवरून घसरलेले जनावर स्वतःहून वर येत नाही, म्हणून तळ्याला कुंपण लागते. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला जे पाणी विहिरीजवळच्या हाळावर, म्हणजे जनावरांच्या पाण्याच्या हौदावर, मिळायचे, ते अशा रीतीने कुंपणाआड जाते.

याचा अर्थ पाऊस साठवू नये असा नाही. १० × ६ मीटरच्या गोठ्याच्या पत्र्यावर ५०० मिमी पावसात ३०,००० लिटर पडतात. ८० टक्के हाती आले तरी २४,००० लिटर. दोन गाईंना फेब्रुवारी ते मे सुमारे १४,४०० लिटर पुरतात, म्हणजे पन्हळ, पहिल्या सरींचे मळके पाणी बाहेर सोडण्याची सोय आणि १५,००० लिटरची झाकलेली टाकी एवढ्यावर काम भागते. मेंढपाळाला अर्थात पत्राच नसतो. त्याला गावाचा पाझर तलाव आणि हाळच हवा.

राहिले हिवरे बाजार. तिथे सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी आहे, चराईवर बंधने आहेत, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडताना आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढून मगच पिके ठरवली जातात. फिरणाऱ्या हिशेबात यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.