वावर मोजायला निघालेल्यांसाठी चार शब्द

तर तुमचं सिलेक्शन झालं म्हणे शेती सर्वेक्षणात, अभिनंदन. टॅब मिळाला, गळ्यात अडकवायला आयडी मिळालं, टोपी मिळेल असं सांगितलंय पण ती काही मिळत नाही, आणि सोमवारपासून तुम्ही नागपूरजवळ काटोल नाहीतर उमरेडच्या बाजूला जाऊन लोकांना विचारणार की तुमचं वावर, म्हणजे शेत, किती. मी हे काम दोन सीझन केलेलं असल्यामुळे फुकटचा सल्ला द्यायचा मला पूर्ण अधिकार आहे, तेव्हा ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे मोजू नका. विचारा. निंबाखाली बाज टाकलेली असते, चहा येतोच, तुम्ही फक्त म्हणायचं काकाजी वावर किती, आणि काकाजी धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, एकदा बघून म्हणतात, "तीन एकर असन." आता या वाक्यातला सगळ्यात खरा शब्द आहे 'असन', म्हणजे असेल, आणि टॅबमध्ये नेमका त्याच्यासाठीच रकाना नाही. तिथं दशांशाचे दोन आकडे मागतात, म्हणून तुम्ही टाकता ३.०० आणि बघा, दहा सेकंदात अंदाजाचं मोजमाप झालं की नाही! हा ३.०० पुढं नागपूरला जाईल, मग मुंबईला, मग दिल्लीला, आणि कुठंच कुणाला कळणार नाही की ते दोन शून्य चहाच्या कपातून आलेत.

गावभर फिरलात की लक्षात येईल की सगळ्यांची वावरं एक, दीड, दोन, तीन, पाच एकराची आहेत. २.६४ एकरवाला माणूस शोधून सापडत नाही. नदीनाले वाकडेतिकडे वाहतात, धुरे वाकडेतिकडे जातात, पण आतमध्ये जमीन मात्र बरोब्बर अर्ध्या एकराच्या पटीत बसते, निसर्गाची किमया म्हणायची आणि पुढच्या घरी जायचं.

दुसरं म्हणजे त्याच काकाजीला दुसऱ्या कुणाला हाच प्रश्न विचारू देऊ नका. पोरीकडचे पाहुणे मुलगा बघायला आले की तेच वावर पाच एकराच्या जवळपास जातं ("थोडं नाल्याकडचं बी आहे ना आपलं"), भाऊहिश्श्याची गोष्ट निघाली की आटतं, निंदणाच्या बायांचा हिशोब करताना अजून आटतं. बियाण्याच्या दुकानात तर एकर हे मापच नाही, तिथं वावर बॅगमध्ये मोजतात, सोयाबीनची एक बॅग गेली की झाला एकर, मग पेरणारानं तिफनीला दाट सोडलं की विरळ, त्यानुसार एकर लहानमोठा होत राहतो. आपण उगाच म्हणतो जमीन हलत नाही.

सातबारा बघा असं कुणी सुचवलं तर बघा जरूर, फक्त वाचू नका. त्यात लिहिलेलं असतं १ हेक्टर ७ आर (शंभर आरचा एक हेक्टर). आता हेक्टरला २.४७ नी गुणायचं म्हणजे २.६४ एकर, पण त्यातला काही पोटखराबा, म्हणजे दगड, नाला, पेरणी न होणारा तुकडा. गुंठ्याचा घोळ वेगळाच, एकराचे गुंठे ४० आणि आर जवळपास साडेचाळीस, म्हणून अर्धी जनता आरला गुंठा म्हणते, उरलेली गुंठ्याला आर, आणि दोघांचं भांडण होत नाही कारण फरक शंभर चौरस मीटरमागं जेमतेम एक. बरं सातबाऱ्यावर नावं पाच, त्यातले दोन भाऊ पुण्यात, एक बहीण वर्ध्याला, आणि वाटणी तोंडी. कागदावर एक तुकडा, जमिनीवर तीन, त्यात एक बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेला. तुमच्या फॉर्मला हवा असतो 'प्लॉट', म्हणजे एका माणसानं एका पिकाखाली घेतलेला सलग तुकडा, आणि सातबाऱ्याला असला प्लॉट माहीतच नाही. नागपुरात प्लॉट म्हणजे घर बांधायची जागा, काकाजी विचारतील, "कुठला, बेसाचा?"

आता मोजमापाच्या खऱ्या पद्धतीबद्दल बोलतो, म्हणजे ती का टाळायची हे कळेल. दोरी किंवा टेप आणि होकायंत्र. प्रत्येक कोपऱ्यावर काठी रोवायची, बाजूची लांबी घ्यायची, दिशेचा कोन घ्यायचा, असं करत पहिल्या काठीशी परत यायचं, आणि कागदावर काढलं की शेवटची रेघ पहिल्या बिंदूला भिडायला पाहिजे. भिडत नाही. जेवढी फट राहते तेवढी तुमची चूक, आणि हीच या पद्धतीची घाणेरडी खोड आहे, ती आपली चूक स्वतःच दाखवते, काकाजी तसं कधी करत नाही. जागतिक बँकेच्या लोकांनी इथिओपिया, टांझानिया आणि नायजेरियात हे सगळं शेजारी शेजारी लावून बघितलं, तर दोरी-होकायंत्राला एका प्लॉटमागं तासाच्या आसपास लागला आणि जीपीएसला पाव तास, उत्तर सरासरीत जवळपास तेच. आपल्याकडं फॉर्ममागं पैसे मिळतात, तासामागं नाही, तेव्हा मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बाभळीचे काटे तुडवत कोन कोण घेणार.

साखळी घेऊन फिरण्याचं काय होतं ते आपल्या बाजूच्यांना सांगायची गरज नाही खरं तर. इंग्रजांच्या देशमोजणीचा कर्नल लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासहून निघाला, देश त्रिकोणात मापत मापत वीस वर्षं वर सरकत राहिला, नागपूरला येता येता १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, कबर तिथंच आहे. त्याच सर्वेक्षणाच्या नावाचा दगड आपल्या नागपूरच्या झिरो माइलला आहे, १९०७ चा, त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलीय १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग! आणि तिथून तासाभराच्या अंतरावर तीन एकर असन.

म्हणून जीपीएस. हातात मशीन किंवा टॅब घ्यायचा, बटण दाबायचं, धुऱ्यानं एक चक्कर मारायची, आलं क्षेत्रफळ. फक्त धुऱ्याच्या आतून चालायचं की वरून की बाहेरून हे ट्रेनिंगमध्ये सांगतात तेव्हा सगळे जेवायला गेलेले असतात. चौकोनी एक एकराची बाजू साधारण साडेत्रेसष्ट मीटर, चारही बाजूंनी तुम्ही एकेक मीटर आतून चाललात (आणि चालणारच, धुऱ्यावर गवत कमरेइतकं, त्यात काय काय असतं) तर जवळजवळ अडीच गुंठे गायब. काकाजीचे अडीच गुंठे तुमच्या बुटानं खाल्ले. शिवाय पॉइंट चारपाच मीटर इकडंतिकडं होऊ शकतो, पाच एकरात ते चालून जातं, दहा गुंठ्याच्या भाजीच्या तुकड्यात मात्र प्लॉटचा आकार बदामासारखा येतो. संत्र्याच्या बागेत दाट झाडाखाली अजून मजा. आणि कृपा करून मध्येच खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटायला थांबू नका, मशीन चालूच असतं, तुम्ही उभे असताना ते बिचारं तुम्हाला इकडं तिकडं हलवत राहतं, माझ्या एका नकाशात पश्चिमेच्या धुऱ्यावर चांगला झुपका आला होता, सुपरवायझरनं विचारलं विहीर आहे का, मी म्हटलं हो.

सॅटेलाइटनं सगळं वरूनच होईल असं सांगणारे भेटतील, त्यांना मध्ये मध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी, लावलेलं सोयाबीन दाखवा आणि विचारा यातलं तुरीचं क्षेत्र किती. मग ते फोनवर बोलायला बाजूला जातात.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय, अर्धा एकर इकडं तिकडं. बरोबर आहे. फक्त चूक सगळ्यांची एकाच बाजूला होत नाही, ज्याच्याकडं थोडी जमीन तो सहसा जास्त सांगतो, ज्याच्याकडं भरपूर तो कमी. छोटं वावर एकरी जास्त पिकवतं की नाही यावर १९५०-६० पासून आपल्याकडं अर्थशास्त्रज्ञांची डोकी तापलीयत, अमर्त्य सेनांनीही १९६२ मध्ये त्यावर लिहिलं. बऱ्याच जणांना वाटायचं की नीट मोजलं तर हा भ्रम निघेल. युगांडात जीपीएसचे आकडे लावले तर छोटं वावर आणि जास्त पीक हे नातं उलट अजून घट्ट झालं, कारण छोट्याची जमीन सांगितल्यापेक्षा छोटीच निघाली. मग इथिओपियात पीकही कापून वजन करून बघितलं, तर ते नातंच नाहीसं झालं. म्हणजे एका बाजूला माप सुधारलं तर उत्तर वाढलं, दुसऱ्या बाजूलाही सुधारलं तर उत्तर पळालं. हे तुम्ही मनावर घेऊ नका, मनावर घेतलं की दिवसाला आठ फॉर्म होत नाहीत.

माझंच सांगतो. काटोलकडच्या त्या काकाजीचं वावर, तोंडी तीन, सातबाऱ्यावर २.६४, मला हौस म्हणून मी चक्कर मारली तर आलं २.४१. सुपरवायझरला फोन केला, तो म्हणाला, "बे, दोन आकड्यात एवढा फरक आला तर सिस्टम लाल दाखवते, मग कारण टाइप करावं लागते, तीन टाक." मी तीन टाकलं. तेवढ्यात रोटाव्हेटरवाला पोरगा आला, मशागतीचे एकरी पैसे मागायला. त्याच्या मोबाइलमध्येही ॲप होतं, तो ट्रॅक्टर वळवायला धुऱ्याच्या बाहेरून फिरलेला, त्याचं आलं होतं २.७५.

काकाजीनं त्याला सांगितलं, "दोन एकराचे देतो."

"आत्ता या सायबाले तीन सांगितले ना तुमी!"

"ते सरकारले सांगितले."

पोरगं माझ्याकडं वळलं, साहेब तुमच्या मशीनीत किती आलं ते सांगा यायले. मी टॅब पिशवीत घातला. काकाजीनं बाजेवरचं उपरणं झटकलं, आमच्या दोघांच्या हातातल्या यंत्रांकडं बघितलं आणि म्हणाले, "मशीनीचं भांडण मशीनीनं मिटवावं बापा. दोनचे घ्या, नाही तं पेरून झाल्यावर या."