80 हजार वर्षांचा धूमकेतू? जरा हिशेब करून बघा

त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू ऑक्टोबर 2024 मध्ये सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसला. तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘हा 80 हजार वर्षांपूर्वी आला होता, चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या आदिमानवाने तो पाहिला, आता आणखी 80 हजार वर्षांनी येईल.’ खाली कुणीतरी हटकून लिहितोच, ‘चूक! तो दुसऱ्या ताऱ्याकडून आलाय.’

‘80 हजार वर्षांपूर्वी आला होता.’ आकडा हवेतला नाही, बातम्यांतही तोच होता. पण कागद-पेन घ्या. पृथ्वी-सूर्य अंतर 1 धरलं, तर हा सूर्याजवळ आला तो 0.39 पर्यंत. विकेंद्रता म्हणजे कक्षा किती लांबट आहे ते सांगणारा आकडा: 1 च्या आत असेल तर धूमकेतू फेरी मारून परत येतो, 1 च्या वर गेला तर नाही. या 0.39 ला ‘1 वजा विकेंद्रता’ने भागलं की कक्षेचा अर्धा लांब अक्ष मिळतो. त्याचा घन करून वर्गमूळ काढा, केप्लरच्या नियमाने फेरीची वर्षं हातात. विकेंद्रता 0.9998 असेल तर अक्ष 1950, फेरी सुमारे 86 हजार वर्षांची. 0.99999 असेल तर अक्ष 39 हजार आणि फेरी 77 लाख वर्षांची! एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा. त्यात गुरूच्या ओढीने खुद्द सूर्यच जागचा हलत असतो, त्यामुळे सूर्य केंद्र धरून काढलेला आकडा तारखेगणिक बदलतो.

म्हणून धूमकेतूची वाट उलटी मोजत ग्रहांच्या पार पलीकडे नेतात आणि तिथे अख्ख्या सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र धरून मूळ कक्षा काढतात. डच खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी 1950 मध्ये अशा 19 कक्षा तपासल्या, त्यातूनच ऊर्ट मेघाची, म्हणजे सूर्यमालेच्या पार कडेला असलेल्या धूमकेतूंच्या घोळक्याची, कल्पना आली. आपला पाहुणा तिथलाच. त्याचा हिशेब लाखो वर्षांत करायचा. पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचं कोरीव कवच सापडलंय ते सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचं. अभिमानाला तेवढं पुरे की.

‘80 हजार वर्षांनी येईल.’ जातानाची कक्षा येतानाचीच असते, हे कुणी सांगितलं? बोवेल धूमकेतू डिसेंबर 1980 मध्ये गुरूजवळून गेला, विकेंद्रता 1.057 झाली, तो आता सूर्यमालेबाहेर निघालाय, परत येणार नाही.

‘दुसऱ्या ताऱ्याकडून आला.’ याची विकेंद्रता 1.0001 च्या आसपास दिसते, एवढाच त्याला आधार. तो जरासा जादा भाग ग्रहांच्या ओढीचा. खरे परके बघायचे तर 2019 चा बोरिसोव्ह 3.36 चा आणि 2025 चा थ्री-आय ॲटलास 6 च्याही वर.