अंकबेरजांचा तक्ता पाठ केला की कोडं सुटतं?

काकुरो (काळ्या-पांढऱ्या घरांचं कोडं, सलग पांढऱ्या घरांच्या प्रत्येक गटाची बेरीज दिलेली) आणि किलर सुडोकू (सुडोकूच, पण घरांचे गट पाडून प्रत्येक गटाची बेरीज दिलेली) सोडवणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: 'अंकबेरजांचा अख्खा तक्ता पाठ करा. ज्या बेरजेला एकच संच आहे तिथूनच सुरुवात करा. मोठे गट शेवटी घ्या. तरी अडलात तर अंदाजाने एक अंक टाका. दोन्ही कोड्यांना हीच रीत चालते.' या सल्ल्यामुळे नवखे वर्षानुवर्षं सोप्या पातळीवरच राहतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

आधी पाठांतर. तक्ता म्हणजे किती घरांत कोणती बेरीज कोणत्या अंकांच्या संचांनी होते, याची यादी. १ ते ९ हे अंक पुन्हा न वापरता दोन ते नऊ घरांचे एकूण ५०२ संच होतात. पण हा तक्ता आरशासारखा आहे; अर्धा कळला की उरलेला आपोआप मिळतो. प्रत्येक अंक १० मधून वजा करून बघा. तीन घरांत ८ हवे असतील तर १-२-५ किंवा १-३-४. त्यांची उलट ९-८-५ आणि ९-७-६, म्हणजे तीन घरांत २२ चे संच. ८ मध्ये १ सक्तीचा, तसा २२ मध्ये ९ सक्तीचा.

आणि खरं काम संचांची यादी करत नाही. कोणता अंक सक्तीचा आणि कोणता बाद, हे करतं. चार घरांत १३ घ्या: १-२-३-७, १-२-४-६, १-३-४-५. तिन्हींत १ आहे, ८ आणि ९ कुठेच नाहीत. हा गट सुडोकूच्या एकाच आडव्या ओळीत असेल, तर नक्की संच कोणता हे ठरण्याआधीच त्या ओळीतल्या बाकी घरांमधून १ खोडता येतो. तक्ता तोंडपाठ असलेले पुष्कळ जण तीन संच दिसले की 'अजून ठरत नाही' म्हणून पुढे जातात आणि हा १ तिथेच राहतो.

'मोठे गट शेवटी' हे तर उलटंच आहे. नऊ अंकांची बेरीज ४५, त्यामुळे मोठ्या गटात काय आहे यापेक्षा काय नाही हे शोधणं सोपं. सहा घरांत २५ म्हणजे गैरहजर तीन अंकांची बेरीज २०: ३-८-९, ४-७-९, ५-६-९ किंवा ५-७-८. चारच शक्यता, आणि गैरहजरांत १ किंवा २ कधीच नाहीत. म्हणजे गटात १ आणि २ नक्की आहेत. आठ घरांचा गट तर नेहमीच एका संचाचा असतो. ४५ मधून बेरीज वजा करा, उत्तर येईल तो एकच अंक तिथे नाही.

आता 'एकच संच असलेल्या बेरजेपासून सुरुवात'. दोन ते सात घरांपर्यंत प्रत्येक आकारात अशा बेरजा फक्त चार असतात: सर्वांत लहान दोन आणि सर्वांत मोठ्या दोन. दोन घरांसाठी ३, ४, १६, १७; तीन घरांसाठी ६, ७, २३, २४. अवघड कोड्यात यातली एकही समोर नसू शकते. तेव्हा काय करायचं ते एका उदाहरणावर बघा.

किलर सुडोकूचा ३×३ चा एक चौकोन. त्यात पूर्णपणे आत असलेले तीन गट: तीन घरांत १०, दोन घरांत ६, दोन घरांत १५. उरलेली दोन घरं तीन घरांच्या १६ च्या गटातली. त्या गटाचं तिसरं घर चौकोनाबाहेर. इथे एकाही बेरजेला एकच संच नाही. १६ ला तर आठ आहेत. तरी चौकोनाची बेरीज ४५ असल्यामुळे ४५ − (१० + ६ + १५) = १४, म्हणजे उरलेल्या दोन घरांत १४ आणि बाहेरच्या घरात सरळ २. दोन घरांत १४ म्हणजे ५-९ किंवा ६-८. ६-८ घेतलं तर १५ ला ना ६-९ उरतं ना ७-८. म्हणून ५-९. मग १५ म्हणजे ७-८, ६ म्हणजे २-४ (५ गेला, १-५ बाद), आणि १० साठी उरले १-३-६. चौकोनातले सगळे संच ठरले.

'दोन्ही कोड्यांना एकच रीत' असं म्हणणाऱ्याने अख्ख्या चौकोनाची किंवा ओळीची बेरीज ४५ धरण्याची ही युक्ती काकुरोत लावून बघावी, चालणार नाही. काकुरोत काळ्या घरापलीकडे तोच अंक त्याच ओळीत पुन्हा येऊ शकतो. तिथे भाग वेगळा काढून आडव्या आणि उभ्या बेरजांची तुलना करतात. एखाद्या कोपऱ्यातल्या सगळ्या आडव्या बेरजा मिळून ४१, आणि तीच घरं अधिक एक जादा घर व्यापणाऱ्या उभ्या बेरजा मिळून ४८, तर त्या जादा घरात ७. किलरमध्येही नियम आधी वाचा: काही कोड्यांत गटात अंक पुन्हा आलेला चालतो. तसं असेल तर मोठ्या गटातल्या, वेगवेगळ्या ओळी, स्तंभ आणि चौकोनांत असलेल्या दोन घरांत मिळून १० हवे असतील तेव्हा ५-५ सुद्धा मोजावं लागतं, आणि नेहमीचा तक्ता चुकतो.

राहिला अंदाज. त्यात धोका असा की चुकीचा अंकही बराच वेळ बेरजांत बसत राहतो, आणि विसंगती दिसते ती कोड्याच्या दुसऱ्याच टोकाला. त्याऐवजी ज्या घरात दोनच शक्य अंक आहेत ते घ्या आणि दोन्ही बाजू तपासा. तीन घरांत २०, त्यातल्या एका घरात ३ किंवा ४. ३ असेल तर उरले १७, म्हणजे ८-९. ४ असेल तर १६, म्हणजे ७-९. घर ठरलं नाही, पण उरलेल्या दोन घरांत ९ आहे हे ठरलं. ती दोन घरं एका ओळीत असतील तर त्या ओळीतले बाकीचे ९ खोडा, आणि मग त्या ओळीला छेदणारे गट पुन्हा तपासा.