'द पॅशनेट पिल्ग्रिम' शेक्सपिअरचं, पण कितपत?

एक फॉरवर्ड फिरतोय, '1599 सालचं द पॅशनेट पिल्ग्रिम हे शेक्सपिअरचं विसरलेलं पुस्तक, वीसच्या वीस कविता त्याच्याच'. थांबा जरा.

मुखपृष्ठावर त्याचं नाव आहे हे खरं, पण ते टाकलं प्रकाशक विल्यम जॅगर्डने, खपावं म्हणून, दुसरं काय. वीसपैकी पक्क्या त्याच्या फक्त पाच, दोन सॉनेट म्हणजे चौदा ओळींच्या कविता (138 आणि 144, जी पुढे त्याच्या सॉनेटांच्या 1609 च्या पुस्तकात जरा बदललेल्या रूपात आली) आणि तीन कविता 'लव्हज लेबर्स लॉस्ट' नाटकातून उचललेल्या. बाकीच्यात त्याच काळातले दुसरे कवी, रिचर्ड बार्नफील्ड आहे, बार्थोलोम्यू ग्रिफिन आहे, मार्लोची ती प्रसिद्ध मेंढपाळाची प्रेमकविता पण आहे, आणि उरलेल्या बऱ्याच कोणाच्या हे अजून कोणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणजे हा सरळ अनेकांचा कवितासंग्रह, नाव मात्र एकाचं.

खरी मजा 1612 ला. जॅगर्डने नवी आवृत्ती काढली आणि त्यात थॉमस हेवूड या दुसऱ्या लेखकाच्या कविता पण घुसवल्या, त्याही शेक्सपिअरच्या नावाखाली! हेवूड भडकला, त्याने छापून लिहिलं की शेक्सपिअरचं नाव असं वापरलं म्हणून तो स्वतःसुद्धा जॅगर्डवर नाराज आहे. मग शेक्सपिअरचं नाव नसलेलं मुखपृष्ठ छापलं गेलं. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीतल्या प्रतीत दोन्ही मुखपृष्ठं आहेत.

आणि हो, 1623 चा फर्स्ट फोलिओ, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला एकत्रित संग्रह, छापला तो याच जॅगर्डच्या छापखान्यात.