अठरा भोकांची सुट्टी

आमच्या नाशकात गोल्फ क्लब म्हणलं की गोल्फ कोणालाच आठवत नाही. रिक्षावाल्याला नुसतं "गोल्फ क्लब" सांगा, तो तुम्हाला बरोब्बर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडेल. तिथे सकाळी जॉगिंग ट्रॅकवर अर्धं नाशिक पोट आत ओढून चालत असतं, मधे पोरं क्रिकेट खेळत असतात, रणजीच्या मॅचेसपण झाल्यात, फक्त गोल्फ तेवढा कोणी खेळताना मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आता माझं सगळं बालपण याच मैदानावर टेनिस बॉल हरवण्यात गेलं, त्यामुळे ऑफिसात साहेबलोक विचारायचे तेव्हा मी सहज टाकायचो, "लहानपणापासून गोल्फ क्लबवरच असायचो सर." ऐकणारा जरा सरळ बसायचा. मीही पुढे काही बोलायचो नाही, कशाला उगाच.

हे अर्धसत्य मला भोवलं ते असं की आमचे मोठे साहेब रिटायर होऊन मुलीकडे कॅनडाला निघाले आणि जाताना त्यांनी त्यांची गोल्फची बॅग माझ्या गाडीच्या डिकीत स्वतःच्या हाताने ठेवली. म्हणाले, "भंगारात द्यायला जीव होत नाही रे, तुला तर लहानपणापासून नाद आहे." डोळे पाणावले होते त्यांचे. अशा वेळी तुम्ही काय सांगणार? बॅग घरी आली. नियमाने चौदा काठ्या चालतात म्हणे, हिच्यात अकरा होत्या आणि एक छत्री. बायकोने विचारलं केवढ्याला, मी म्हणलं फुकट. आमच्या घरात आजवर सगळ्यात महाग पडलेला शब्द कुठला असेल तर हाच.

मग मेव्हण्याकडे पुण्याला गेलो की ड्रायव्हिंग रेंजवर जायला लागलो. तिथे बादलीभर बॉल देतात आणि ते लांब मारत बसायचे, आणायला जायचं नाही, ही कल्पनाच मला श्रीमंतीची वाटली. पन्नासातले एकोणपन्नास बॉल पायाशीच घुटमळायचे, पण एखादा असा काही टक्क आवाज करून सुटायचा की बस्स, तेवढ्या एका आवाजावर महिना निघायचा. व्यसन असंच लागत असावं.

तर यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली. कुठेतरी जाऊ म्हणून बायकोनेच विषय काढला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गोल्फ रिसॉर्टला जाऊया का?" ती हायस्कुलात इतिहास शिकवते, त्यामुळे ती लगेच नाही म्हणत नाही, आधी तह करते. कलमं अशी: चार रात्री, दोघं जण, येण्याजाण्यासकट चाळीस हजार, एक रुपया वर नाही, आणि "तुम्ही काठी फिरवत असताना मी छत्रीखाली बसून टाळ्या वाजवणार नाही, मला माझं काहीतरी बघायला पाहिजे."

मी एक्सेल उघडलं. माझ्या आयुष्यातले पुढचे दोन महिने त्या एक्सेलमधे गेले.

पहिल्यांदा अर्थातच जवळचं बघितलं, घाटातलंच एक रिसॉर्ट, नावात ठळक गोल्फ, फोटोत हिरवळ, रेट एकदम परवडणारा. फोन केला. "गोल्फ आहे ना?" "आहे ना सर, एकदम मस्त, डायनासोर आहे." मी म्हणलं कोण आहे? "डायनासोर सर, त्याच्या तोंडातून बॉल आत गेला की शेपटीतून बाहेर येतो, मुलांना खूप आवडतं, तुमची मुलं किती वर्षांची?" मुलगा बंगलोरला नोकरी करतो हे मी त्याला सांगितलं नाही, फोन ठेवला.

दुसरा प्रकार गोल्फ व्ह्यूचा. खोलीच्या गॅलरीतून खरोखरचं अठरा होलचं, म्हणजे बॉल घालायच्या अठरा भोकांचं, मैदान दिसतं, त्या दिसण्याचे रात्रीला बाराशे जास्त, पण मैदान क्लबचं आणि क्लब फक्त मेंबरांचा. म्हणजे बाराशे रुपये देऊन दुसऱ्यांना खेळताना बघायचं. हे तर मी गोल्फ क्लबवर कठड्यावर बसून फुकट करत आलोय, निदान तिथे भेळ मिळते.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक. खोली, नाष्टा, मैदान, सगळं खरं. मी विचारलं, "यात गोल्फ धरून आहे का?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "गोल्फ एक्स्क्लुझिव्ह आहे सर." मी हरखलोच. एक्स्क्लुझिव्ह! म्हणजे खास आपल्यासाठी! एक्सेलमधे हिरवा रंगपण भरला त्या ओळीला. दोन दिवसांनी कोटेशन आलं तेव्हा कळलं की एक्स्क्लुझिव्ह म्हणजे वगळून. ग्रीन फी म्हणजे मैदानावर खेळायची फी वेगळी, कॅडी म्हणजे बॅग उचलणारा माणूस वेगळा, कार्ट म्हणजे ती बॅटरीची गाडी वेगळी, बूट भाड्याने, बॉल विकत, आणि कॅडीला खुशी द्यायची ती आपल्या मनाने, म्हणजे त्याच्या मनाने. लग्नात केटरर कसा ताटाचा भाव सांगतो आणि मग आइस्क्रीम, पाण्याच्या बाटल्या, वाढपी, सगळं ताटाच्या बाहेरून येतं, अगदी तसं. त्यात जीएसटी. खोली साडेसात हजाराच्या वर गेली की अठरा टक्के, म्हणून बरेच जण ७४९९ असा रेट लावतात. बाटाच्या दुकानानंतर इतका नव्व्याण्णव मी कुठेच पाहिला नव्हता.

एवढं महाग का पडतं बुवा, म्हणून सासऱ्यांसमोर एकदा विषय निघाला. ते निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मी सांगितलं की अठरा होलच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर सहज लागतात, वर रोज पाणी, रोज कापणी. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सव्वाशे एकर. आणि त्यात लावतात काय?" गवत, म्हणलं. "मग कापून गुरांना घालतात का?" नाही, टाकून देतात बहुतेक. यावर त्यांनी माझ्याकडे न बघता मुलीकडे बघितलं, पंचवीस वर्षांपूर्वी काय होऊन बसलं अशा नजरेने.

गोव्याचापण विचार झाला. काणकोणला राजबागेच्या किनाऱ्याला लागून नऊ होलचं मैदान आहे, समुद्राची हवा खात खेळायचं, बायकोला बीच, सगळंच जमत होतं, फक्त सीझनमधे पंचतारांकित रेट बघून मी लॅपटॉप हळूच मिटवला. जुलैत रेट खाली येतात. पण जुलैत गोव्यात खेळायचं म्हणजे बॉल मारायचा नाही, सोडायचा, कागदाच्या होडीसारखा.

मेव्हणा म्हणाला थायलंडला जा, इथल्यापेक्षा स्वस्त पडेल. त्याचं सगळं थायलंडवरच येऊन थांबतं पण यात थोडं तथ्य होतं, हुआ हिन नावाच्या गावात रेल्वे स्टेशनच्या अगदी शेजारी १९२४ सालचं गोल्फचं मैदान आहे, गाडीतून उतरायचं आणि खेळायला लागायचं. मी उत्साहाने बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, थायलंडला गोल्फ खेळायला गेलो होतो हे तुम्ही माझ्या माहेरी एकदा मोठ्याने म्हणून दाखवा, मग तिकिटं काढू." विषय संपला. गुलमर्गही असंच गेलं, २६०० मीटरवरचं मैदान, हवा विरळ त्यामुळे बॉल लांब जातो असं वाचून मी भाळलो होतो, पण विमानाचं तिकीट बघितल्यावर पैसे त्याहून लांब जाताना दिसले.

शेवटी सापडलं नालदेहरा. शिमल्याच्या पुढे वीसबावीस किलोमीटर, देवदारांच्या मधे उतारावरचं मैदान, बाहेरच्या माणसाला फी भरून खेळता येतं, आणि आसपास आपल्या ऐपतीची हॉटेलं. मी बायकोला इतिहासाची लाच दिली, म्हणलं हे मैदान लॉर्ड कर्झनने सुरू केलंय. ती उसळलीच. "बंगालची फाळणी केली तो कर्झन? त्याच्या मैदानावर पैसे देऊन जायचं? अहो, आपल्या गावात गोल्फ क्लबचं नाव बदलून कान्हेऱ्यांचं दिलं, ज्यांनी १९०९ साली कलेक्टरला गोळी घातली, आणि तुम्ही चाललात कर्झनकडे!" मी घाबरत घाबरत पुढचं सांगितलं, की कर्झनला ती जागा एवढी आवडली की १९०४ साली मुलगी झाली तिचं नावच त्याने अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं. यावर मात्र ती विरघळली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "बरं झालं आपल्या पोराचं नाव तुम्ही ठेवलं नाही, हाजरीत गोल्फ क्लब म्हणून पुकारला असता." म्हणजे होकार.

विमान बाद, कारण तिकिटावर पंधरा किलो सामान आणि बॅग भंगारवाल्याच्या काट्यावर चौदा किलो भरली, एका किलोत नेसून काय जाणार. म्हणून नाशिक रोडहून पंजाब मेलने दिल्ली, तिथून कालका, आणि पुढे शिमल्याची छोटी गाडी. ही १९०३ सालची, शहाण्णव किलोमीटर, शंभराच्या वर बोगदे, आणि डबा एवढुसा की बॅग उभी ठेवली तर वर टेकते, आडवी ठेवली तर माणसं अडखळतात, शेवटी मी तिला मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या पंजाबी आजींनी आदराने विचारलं, "बेटा, सितार है?" मी हो म्हणलं. एकदा खोटं बोलायची सवय लागली की सुटत नाही.

निघायच्या आधी हॉटेलातून एक कन्फर्मेशनचा फोन आला होता, मी अंघोळीला गेलो होतो म्हणून बायकोने घेतला. त्याने विचारलं, "सर का हँडिकॅप कितना है?" आता हे गोल्फमधलं एक मोजमाप आहे, तुम्ही किती कच्चे आहात ते सांगणारं, चोपन्नपर्यंत जातं, माझा अजून कोणी काढायची हिंमत केली नव्हती. बायकोने सरळ सांगितलं, "बायाँ घुटना थोडा है, लेकिन चल लेते हैं." पोचलो तर दारात दोन पोरं मला धरायला उभी. तळमजल्यावरची कोपऱ्यातली मोठी खोली, बाथरूममधे धरायला स्टीलचे दांडे, खिडकीतून थेट डोंगर, आणि त्याच पैशात! मी खुलासा करायला तोंड उघडलं तर बायकोने माझ्या चांगल्या गुडघ्याला चिमटा काढला. चार दिवस मी न विसरता लंगडलो, फक्त एकदा जेवायच्या हॉलमधे चुकीच्या पायाने लंगडलो तेव्हा वेटर जरा विचारात पडला.

खेळ मी दोन सकाळी मिळून पूर्ण केला, नऊ नऊ होल. आधीच सांगतो, हे मैदान सपाट नाही, डोंगराच्या अंगावर आहे, आणि देवदार हे झाड बॉल परत देत नाही. हरवलेला बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, आम्ही एकेकाला पंधरा दिली, तरी अकरा गेले. कॅडी वयस्कर आणि समजूतदार माणूस होता, पहिल्या दोन फटक्यांनंतर त्याने बॉल कुठे गेला हे बघणं सोडून बायकोला झाडांची नावं सांगायला सुरुवात केली. मैदानाच्या मधेच महुनागाचं देऊळ आहे, तिथे ती जाऊन बसली, तिचं काहीतरी बघायला पाहिजे हे कलमही पूर्ण झालं. माझा एक बॉल देवळाच्या दिशेने गेला तेव्हा मी नियमाप्रमाणे, समोरच्याला सावध करायला, "फोर!" असं ओरडलो, तर ती तिथूनच ओरडली, "चार कसले, आठवा आहे!"

बॉलांवर तिच्याच लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, ओळखायला. परत निघायच्या दिवशी रस्त्यात एक पोरगा पिशवीत जुने बॉल घेऊन विकत होता, पन्नासला एक. मी आठवण म्हणून दोन घेतले. खोलीत येऊन बघतो तर दोन्हीवर लाल ठिपका. एक्सेलमधे हे कुठल्या रकान्यात टाकायचं यावर मी कालक्यापर्यंत विचार करत होतो.

घरी आल्यावर हिशोब मांडला. एकोणपन्नास हजार सहाशे. नऊ हजार सहाशे वर. मी आवंढा गिळून लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि तहाच्या उल्लंघनाची काय शिक्षा मिळते याची वाट बघत बसलो. तिने सगळ्या ओळी खालपर्यंत वाचल्या, चष्मा काढला आणि विचारलं, "तिथे नीट खेळणाऱ्याला किती फटके लागतात?"

"पार अडुसष्ट आहे."

"आणि तुम्ही किती मारलेत?"

"एकशे त्रेसष्ट." खोटं बोलायची इथे सोय नव्हती, कार्ड कॅडीने भरलं होतं आणि ते तिच्याच पर्समधे होतं.

तिने लाल पेनाने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, दोनदा तपासला. "तीनशे चार रुपये पडला एक फटका. त्या नीट खेळणाऱ्याला सातशे एकोणतीसला पडला असता." मग वही मिटून म्हणाली, "पुढच्या वर्षी जायचं असेल तर उगाच प्रॅक्टिस करून महाग करू नका."