बी-बासष्ट

आमच्या गोठ्यात दोन म्हशी, एक वगार आणि एक चारा कापायची कडबाकुट्टी आहे. चौघींत लाडाची कुट्टी. तिला वर्षाकाठी नवे बेल्ट लागतात.

तीन एचपीची मोटर आणि तिच्या पुलीवरून कुट्टीच्या मोठ्या चाकापर्यंत गेलेले दोन व्ही-बेल्ट, एवढाच तिचा संसार. त्या रविवारी मी ओल्या हत्ती गवताचा भारा जरा दाबूनच सारला. चाक अडलं, मोटर फिरतच राहिली, बेल्ट किंचाळले आणि घरातून आईचा आवाज आला, "टायर कुणी पेटवलाय रे?"

शेजारचे अण्णा धोतर सावरत आले. "राळ लाव." त्यांचा पुतण्या म्हणाला, "साबण घासा सर, आवाज बंद होतो." कुणाचं मन मोडू नये म्हणून मी दोन्ही लावलं. राळ चिकटवते, साबण निसटवतो, हे नंतर सुचलं. पाच मिनिटांत एक बेल्ट तुटून माझ्या कानाजवळून गोठ्याबाहेर गेला. (पुलीवरची संरक्षक जाळी मी उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती. कोंबड्या सुरक्षित आहेत.)

तालुक्याच्या दुकानदारानं विचारलं, "नंबर?" नंबर राळेखाली गेला होता. पण मी तयारीनं आलो होतो. तुटका बेल्ट अंगणात टोकाला टोक जुळवून गोल मांडून पाठीवरून सुतळीनं मोजला होता: बरोबर 65 इंच. "बी-पासष्ट द्या. एकच." (बी म्हणजे बेल्टच्या रुंदी-जाडीचा प्रकार, पुढचा आकडा लांबीचे इंच.) तो म्हणाला, "जोडी बदला, सर." मी मनात म्हटलं, धंदेवाईक माणूस.

घरी आल्यावर जुना बेल्ट ताठ आणि नवा त्याच्या शेजारी झोपाळ्यासारखा लोंबकळतोय. जुना ओढतोय, नवा नुसता सोबतीला फिरतोय. आमच्या शाळेतही असे दोघे एका वर्गाला आहेत, पण तो विषय वेगळा.

पुन्हा तालुका.

"आतून मोजला की बाहेरून?" दुकानदारानं विचारलं. बेल्टवरचा आकडा आतल्या घेराचा असतो म्हणे. बी बेल्टची जाडी 11 मिलिमीटर, त्यामुळे बाहेरून मोजलं की घेर जवळजवळ पावणेतीन इंच जास्त भरतो. म्हणजे आपला बी-बासष्ट. त्यानं कागदावर गोल काढून परीघ समजावून दिला. मी दहावीला गणित शिकवतो, हे त्याला सांगितलं नाही. मुकाट जोडी घेतली.

चढवताना पहारीनं रेटणार, एवढ्यात अण्णा ओरडले, "आतले दोरे तुटतील त्याचे! मोटर पुढं घे." मोटर सरकेना, कारण वायर अपुरी. म्हणून मेन स्विच पाडून तिन्ही वायरी काढल्या, बोल्ट ढिले केले, बेल्ट अलगद घातले, मोटर मागं ताणली. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, तेही सुतळी धरून पाहिलं. ही सुतळी एकदा तरी कामाला आली. अंगठ्यानं दाबल्यावर बेल्ट अर्धा इंच दबला. मला स्वतःचा अभिमान वाटला.

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट. दहाला आली. वायरी जोडून मी स्टार्टर दाबला. किंचाळणं नाही, वास नाही, बेल्ट लोण्यासारखे फिरायला लागले. मी पेंढी सारली. कुट्टीनं ती माझ्याकडे परत सारली. पुन्हा सारली, पुन्हा परत. बॅटरी घेऊन आलेले अण्णा क्षणभर बघत राहिले.

"उलटी फिरतीय. कुठल्याही दोन वायरी बदल."

"कुठल्या दोन" हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मेन स्विच पाडून पाना शोधायला वळलो, तर आई कोयता धुऊन वळचणीला खोचत होती. तिनं चिरून टाकलेलं गवत संपवून दोन्ही म्हशी केव्हाच रवंथ करत बसल्या होत्या.