पोस्टरं जिन्याखाली, शाली मंचावर

मायक्रोस्कोपी आणि मटेरियल सायन्सवाल्यांच्या एखाद्या संस्थेची वार्षिक परिषद भरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. अशीच एक परिषद नुकतीच बघून आलोय, पद्धत अजून ताजी आहे. लिहून घ्या.

उद्घाटन साडेनऊचं छापा, प्रमुख पाहुणे येतील तेव्हा सुरू करा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचं प्रकाशन, आणि मंचावर जे मावले नाहीत त्यांचा नामोल्लेख. यात गेलेला वेळ विद्यार्थ्यांच्या भाषणांतून वळता करून घ्या. पंधरा मिनिटांची सात करा.

जीएसटीची पावती मागितली तर ‘मेल करतो’ म्हणा.

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा चित्रासकट सारांश, वर्डमध्ये, १ एमबीच्या आत मागवा. टीईएम म्हणजे नमुन्यातून आरपार इलेक्ट्रॉन सोडून प्रतिमा घेणारा मायक्रोस्कोप. त्याच्या २०४८ पिक्सेल रुंद प्रतिमेत सोन्यातल्या अणूंच्या थरांच्या, म्हणजे (१११) प्रतलांच्या, रेषा, ०.२३५ नॅनोमीटर अंतराच्या, समजा दर ६ पिक्सेलला एक अशा आल्या आहेत. १ एमबीत बसवायला प्रतिमा ५१२ पिक्सेलवर आणली की एका रेषेच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो. लागतात किमान दोन. मग रेषा पुसल्या तरी जातात, नाहीतर भलत्याच अंतराच्या खोट्या पट्ट्या उमटतात. नवी रचना सापडली म्हणून आणखी एक पेपर निघेल, काय वाईट?

कार्यशाळेला ‘हँड्स-ऑन’ म्हणा आणि टीईएमच्या खोलीत चाळीस जण कोंबा. माणसांच्या उष्णतेने आणि बोलण्याने प्रतिमा सरकू लागली की ‘ड्रिफ्ट’ आपोआपच शिकवून होतो.

आता पोस्टर, म्हणजे विद्यार्थ्याचं अख्खं संशोधन एका मोठ्या कागदावर. ‘ए-झिरो, उभं’ असं तीनदा कळवा. म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. बोर्ड मात्र मंडपवाल्याकडचे तीन बाय तीन फुटी आणा. तीन फूट म्हणजे ९१४ मिलिमीटर, तेव्हा खालचा पाव मीटरहून जास्त भाग लोंबेल. निष्कर्ष तिथेच असतात, पण ते वाचायला कोण वाकतंय? बोर्ड जिन्याखाली लावा, समोर एकच ट्यूबलाइट ठेवा. चकचकीत फ्लेक्सवरच्या काळ्या पार्श्वभूमीच्या डार्क-फील्ड प्रतिमेत मग आरशासारखं बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. वेळ जेवणाची द्या. परीक्षक एका हातात ताट धरून येतील, दुसऱ्या हाताने गुण देतील, नाहीतर ‘सर कोणाकडे करतोस?’ एवढं विचारून पुढे सरकतील. आणि पोरं? पोरं पोस्टरपाशी उपाशी उभी! त्या एका चित्रासाठी त्यांनी नमुन्याची ३ मिलिमीटरची चकती घासून पातळ केलेली असते, मधे डिंपल म्हणजे खळगा पाडलेला असतो, आयनांच्या माऱ्याने ती आणखी झिजवायला, म्हणजे आयन मिलिंगला, तासन्‌तास घातलेले असतात. भोक पडलं की त्याच्या कडेचा १०० नॅनोमीटरहून पातळ भाग तेवढा कामाचा. उचलताना चिमटा चुकला की सगळं पहिल्यापासून, आणि मशीनच्या स्लॉटसाठी पुन्हा रांग. एवढ्या कामाला तुमच्याकडे काय आहे, तर जिना!

छायाचित्र स्पर्धेत स्केल बार, म्हणजे चित्रातली मोजपट्टी, नसलेल्या, रंग फासलेल्या चित्राला पहिलं बक्षीस द्या. कोपऱ्यात ‘५०,०००×’ लिहिलंय की. भिंतीभर प्रोजेक्ट केलं तरी ५०,०००×च.

पुरे. लंडनमध्ये १८३९ साली स्थापन झालेली रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटी घ्या. ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे मायक्रोस्कोपच्या नमुन्याकडच्या लेन्सच्या, आट्यांचं माप तिने ठरवून दिलं: व्यास ०.८ इंच, इंचाला ३६ आटे. त्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपला बसू लागली. संस्थेने करायचं काम ते असतं. तुम्हाला साधा बोर्डाचा आकार ठरवता येत नाही आणि आजीव सभासदत्वाचे पैसे मात्र आगाऊ हवेत. लाज वाटू द्या थोडी. बोर्ड एक मीटर रुंद, सव्वा मीटर उंच घ्या. प्रत्येकावर दिवा लावा. पोस्टरांना दोन तास द्या, जेवणाशिवायचे. प्रतिमेची मूळ, न आकसलेली टिफ फाइल मागवा. स्केल बार नसेल तर प्रवेशिका परत करा, मग ती अध्यक्षांच्या विद्यार्थ्याची का असेना.